अध्यक्षांच्या डावीकडे आणि उजवीकडे : मधु दंडवते यांची संसदीय कारकीर्द

प्रश्न असा आहे : समाजवादी नेते आणि माजी रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते यांचे नाव निघाले की दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील गाद्या आणि कोकण रेल्वे यांपलीकडे फारसे काही सांगितले जात नाही. पण जो माणूस सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेला त्याचे संसदीय चर्चेतील योगदान नेमके कोणते, ते कशाच्या आधारे मोजावे, आणि त्यांची भाषणे वाचायची असतील तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर देण्यापूर्वी माझी बैठक कोणती ते सांगणे योग्य होईल. मी विधिमंडळ सचिवालयात, प्रथम प्रश्न शाखेत आणि नंतर समिती शाखेत, तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नवनिर्वाचित सदस्यांना कामकाजाचे नियम शिकवण्याचे काम करतो. दंडवते यांच्याशी माझा व्यक्तिगत परिचय नव्हता. मी त्यांना ओळखतो तो लोकसभेच्या छापील चर्चाखंडांतून, म्हणजे टाळ्या आणि आवाजातील चढउतार गाळल्यानंतर कागदावर जे उरते त्यातून. वक्त्याची खरी परीक्षा कागदावरच होते असे माझे मत आहे, आणि या परीक्षेत भल्याभल्या फर्ड्या वक्त्यांचे काही खरे नसते.

मोजमापाचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. अलीकडे सदस्याची उपस्थिती, त्याने विचारलेले प्रश्न आणि त्याची भाषणे यांचे आकडे काढून कामगिरीचा क्रम लावला जातो. ज्याने प्रश्न शाखेत काम केले आहे त्याला या आकड्यांची किंमत ठाऊक असते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न असतात आणि तासाभरात त्यांतले जेमतेम चार-पाच पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. प्रश्न दाखल करणे हे काम स्वीय सहायकही करू शकतो. सदस्याचा कस लागतो तो पूरक प्रश्नात, म्हणजे मंत्र्यांचे छापील उत्तर हाती आल्यावर त्यातली पळवाट हेरून अर्ध्या मिनिटात ती बंद करण्यात. एका अधिवेशनात प्रश्नांची संख्या अभिमानाने सांगणारा एक नवा सदस्य मला आठवतो. स्वतःच्याच प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा तो उत्तराची प्रत उपाहारगृहात विसरून आला होता.

माझी कसोटी वेगळी आहे. लोकसभेत सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात आणि विरोधक डाव्या हाताला. डावीकडे बसून जे मागितले ते उजवीकडे बसायची वेळ आल्यावर त्या माणसाने केले का, आणि उजवीकडून परत डावीकडे आल्यावर त्याची भाषा बदलली का, एवढेच मी पाहतो. ही कसोटी लावायची तर तो सदस्य दोन्हीकडे बसलेला हवा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भाषणांची नोंद हवी. दंडवते यांच्या बाबतीत ती पुरेपूर आहे : १९७१ ते १९७७ डावीकडे, १९७७ ते १९७९ उजवीकडे, मग जवळपास दहा वर्षे पुन्हा डावीकडे आणि १९८९-९० मध्ये पुन्हा उजवीकडे.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. शिक्षण भौतिकशास्त्राचे आणि पेशा अध्यापनाचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. बेचाळीसची चळवळ, १९५५ चा गोवा सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा या त्या पिढीतील समाजवाद्यांच्या ठरलेल्या वाटा तेही चालले. १९७० मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि पुढच्याच वर्षी कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

राजापूरविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ती जागा साधी नव्हती. १९५७ पासून तिथून बॅ. नाथ पै निवडून येत होते. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात त्यांचे अकस्मात निधन झाले आणि दोन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत दंडवते त्यांच्या जागी उभे राहिले. नाथ पैंची आठवण आज वक्तृत्वासाठी काढली जाते, पण संसदीय दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे एक अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले, विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने ठरवले, की मूलभूत हक्कांना संकोच येईल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याला दीड महिनाही होण्याआधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नाथ पैंनी संसदेचा हा अधिकार स्पष्ट करणारे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. त्या वेळी निम्मे सभागृह गावाकडच्या गाड्या पकडण्याच्या गडबडीत असते आणि बहुतेक अशासकीय विधेयके तिथेच विरतात. हे विधेयक मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेले, सरकारने त्याला पाठिंबा दिला, ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाने विरोध केला, आणि समाजवादी परिवारातच त्यावरून फूट पडली, डॉ. राममनोहर लोहिया स्वतः विरोधात होते. विधेयक मंजूर होण्यापूर्वी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत, म्हणजे आपोआप निकालात, झाले. पण पुढच्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली ती मुळात त्याच विचारावर. ज्या पक्षाकडे बोटांवर मोजण्याएवढे सदस्य होते त्याच्या एका सदस्याने देशाच्या घटनात्मक वादाचा विषय ठरवून द्यावा, याला मी संसदीय योगदान म्हणतो. त्या विचाराची दुसरी बाजू पुढे कशी उघडी पडली तेही सांगायचे आहे, कारण त्याची झळ दंडवते यांनाच बसली.

पाचव्या लोकसभेत काँग्रेसचे ३५२ सदस्य होते आणि दंडवते यांच्या प्रजा समाजवादी पक्षाचे अवघे दोन. त्याचा व्यावहारिक अर्थ सभागृहाबाहेरच्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो. दोन-चार जणांच्या गटाला मोठ्या चर्चेत काही मिनिटे मिळतात आणि तीही बहुधा सभागृह रिकामे होऊ लागल्यावर. अशा सदस्यासमोर दोनच मार्ग असतात. एक म्हणजे आरडाओरडा करून वर्तमानपत्रात येणे. दुसरा म्हणजे नियमांचे पुस्तक पाठ करणे, कारण औचित्याचा मुद्दा, लक्षवेधी सूचना, हक्कभंगाची सूचना आणि कपात सूचना ही आयुधे पक्षाच्या संख्येवर चालत नाहीत. ती सूचनेच्या नेमकेपणावर चालतात. त्या काळात समाजवादी खासदार मधु लिमये यांनी या दुसऱ्या मार्गाचे शास्त्र केले होते. दंडवते त्याच समाजवादी परंपरेतले, पण त्यांची रीत निराळी होती. लिमये प्रतिपक्षाला कोंडीत पकडत. दंडवते त्याला वर्गात बसवत.

कपात सूचनेचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागणीवर सदस्याला तीन प्रकारची कपात सुचवता येते : मागणी कमी करून एक रुपया करावी, अमुक एक रक्कम कापावी, किंवा शंभर रुपये कापावेत. पहिलीचा अर्थ धोरणच नामंजूर, दुसरीचा काटकसर, आणि तिसरीचा अर्थ एक विशिष्ट गाऱ्हाणे सभागृहासमोर मांडायचे आहे. नवखे सदस्य सरसकट एक रुपयाची सूचना देतात, कारण ती ऐकायला जबर वाटते. परंतु धोरण नामंजूर म्हटल्यावर पर्यायी धोरण मांडण्याची जबाबदारी येते, आणि तिथे त्यांची पंचाईत होते. शंभर रुपयांची सूचना दिसायला क्षुल्लक, पण सदस्याला एका मुद्द्यावर खिळवून ठेवते, आणि मंत्र्यांनाही त्याच मुद्द्यावर उत्तर देणे भाग पडते.

दंडवते यांच्या भाषणाची बांधणी शिक्षकाची आहे. ते बहुतेक इंग्रजीत बोलत. आधी ज्या शब्दावर वाद आहे त्याचा अर्थ निश्चित करायचा, मग सरकारच्याच कागदपत्रातील आकडा घ्यायचा, त्यातून निष्कर्ष काढायचा आणि ऐकणारा थकण्यापूर्वी एक कोटी करून पुढच्या मुद्द्यावर जायचे. त्यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. माझ्या मते त्या विनोदाचे स्थान अधिक महत्त्वाचे आहे. तो आकड्याच्या आधी क्वचित येतो, नंतर येतो. आकड्याने दुखावलेला प्रतिपक्ष व्यत्यय आणायच्या तयारीत असतानाच हशा होतो आणि वक्त्याला पुढचे वाक्य पूर्ण करायला मिळते. ज्याच्याकडे काहीच मिनिटे आहेत त्याला असा व्यत्यय टाळणे म्हणजे वेळ कमावणे होय.

८ मे १९७४ पासून वीस दिवस रेल्वेचा देशव्यापी संप चालला. सुमारे सतरा लाख कामगार त्यात होते, नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस यांचे होते आणि सरकारने अटका, बडतर्फ्या व वसाहतींतील घरे खाली करवणे अशा मार्गांनी तो मोडून काढला. विरोधी बाकांची मागणी होती, की संपात भाग घेतल्याबद्दल काढलेल्यांना परत घ्यावे. अशी मागणी करायला काही लागत नाही. विरोधक ती नेहमीच करतात. तीन वर्षांनी, मार्च १९७७ मध्ये, जनता पक्षाचे सरकार आले, दंडवते स्वतः रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी अगदी आरंभीच हे कामगार परत घेण्याचा निर्णय केला. रेल्वे मंडळातील ज्या अधिकाऱ्यांनी त्यांना काढले होते त्यांच्याकडूनच हे करवून घ्यायचे होते. मोठ्या खात्याच्या नव्या मंत्र्याला पहिल्या महिन्यात अधिकाऱ्यांची नाराजी नको असते, हे ज्याने मंत्रालय आतून पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

या दोन प्रसंगांच्या मध्ये आणीबाणी आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या बैठकीसाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते बंगळूरमध्ये होते. संसदेच्याच कामासाठी गेलेल्या या सदस्यांना तिथेच अटक झाली आणि बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. दंडवते सुमारे दीड वर्ष स्थानबद्ध होते. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई त्याच काळात येरवड्याच्या तुरुंगात होत्या. इकडे जुलैमध्ये संसदेचे अधिवेशन भरले ते प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय कामकाज दोन्ही स्थगित करून. आमच्या व्यवसायातल्या माणसाला ही गोष्ट अटकांइतकीच बोचते. सदस्य आत आणि प्रश्न बंद, मग सभागृहात उरले काय? फिरोज गांधी यांनी खासगी सदस्य म्हणून १९५६ मध्ये मंजूर करून घेतलेला, संसदेतील कामकाजाचे खरे वृत्त छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाही याच काळात रद्द झाला.

आणि इथेच नाथ पैंच्या विधेयकाची दुसरी बाजू समोर येते. संसदेला घटनेतील कोणतीही तरतूद बदलता येते, हा जो अधिकार नाथ पैंनी लोकनियुक्त सभागृहावरील विश्वासापोटी मागितला होता, तो बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत सरकारने टोकाला नेला आणि घटनादुरुस्ती न्यायालयाच्या तपासणीतूनच बाहेर काढण्याची तरतूद केली. त्या वेळी नाथ पैंचा राजापूरचा वारस तुरुंगात होता. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने काढलेला मध्यममार्ग, म्हणजे संसद घटना बदलू शकते पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हाच अखेर टिकला. नाथ पै चुकले होते का? मला वाटते, त्यांनी संसदेवर विश्वास ठेवला आणि बहुमत व संसद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या हयातीत पुरेसे दिसलेले नव्हते. जनता सरकारने फिरोज गांधींचा कायदा १९७७ मध्ये पुन्हा आणला, आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या संरक्षणाला थेट घटनेत स्थान दिले. त्याच दुरुस्तीने आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. दंडवते त्या मंत्रिमंडळात होते.

गाद्यांचा विषय आता घेतो. लोक त्याकडे दयाळूपणाची गोष्ट म्हणून पाहतात. मला तो अर्थसंकल्पीय युक्तिवाद वाटतो. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. म्हणजे डब्यावरची पाटी बदलली आणि तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले. आतली लाकडी फळकुटे तीच राहिली. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालायचे ठरवले आणि त्याची मांडणी अशी केली, की पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नसून दुसऱ्याला वर आणायचे आहे. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्यात सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी त्याच विचाराची पुढची पायरी होती. शब्दाचा अर्थ आधी निश्चित करण्याची शिक्षकाची सवय इथे कामी आली : ‘दुसरा वर्ग’ म्हणायचे तर तो दुसरा वर्ग असला पाहिजे.

कोकण रेल्वेच्या बाबतीत मात्र त्यांना जे श्रेय दिले जाते त्याचा काळ बहुधा चुकवला जातो. रेल्वेमंत्री असताना ते आपल्या मतदारसंघात रेल्वे नेऊ शकले नाहीत. आपटा ते रोहा हा टप्पा त्या काळात मार्गी लागला आणि प्रत्यक्ष गाडी रोह्याला पोचायला १९८६ उजाडले. मुख्य मार्गासाठी नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून एवढा पैसा निघणेच शक्य नव्हते. गाठ सुटली ती १९९० मध्ये, राष्ट्रीय आघाडीच्या सरकारात फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, कारण तेव्हा रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीबाहेरचा मार्ग काढला गेला : केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळचे प्रत्येकी ६ टक्के भागभांडवल असलेले स्वतंत्र महामंडळ, आणि बाकी पैसा रोख्यांतून. या मागणीमागे कोकणातील कित्येक वर्षांच्या सभा, निवेदने आणि सभागृहातील प्रश्न होते, पण तिचे रूपांतर लोखंडी रुळांत झाले ते वित्तीय रचनेमुळे.

अर्थमंत्री म्हणून त्यांची बाजू मला तुलनेने कमकुवत वाटते, आणि कसोटी लावायची तर सर्वत्र लावली पाहिजे. १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी प्राप्तिकराची सूट मर्यादा १८,००० वरून २२,००० रुपयांवर नेली, सुवर्ण नियंत्रण कायदा मोडीत काढण्याचे पाऊल उचलले आणि दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाच्या माफीची योजना जाहीर केली. सुवर्ण नियंत्रणाचा निर्णय निःसंशय योग्य होता. १९६३ पासून त्या निर्बंधांनी सोनारांना छळले आणि चोरट्या सोन्याचा धंदा काही थांबवला नाही. कर्जमाफीबद्दल असे म्हणता येणार नाही. इतरांच्या अर्थसंकल्पांवर बोलताना जो माणूस प्रत्येक घोषणेमागचा पैसा कुठून येणार हे विचारी, त्याने स्वतःच्या घोषणेबाबत हा प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारलेला मला दिसत नाही. बँकांच्या वसुलीची शिस्त त्यातून सैल झाली. आघाडीच्या जाहीरनाम्याचे ओझे त्यांच्यावर होते हे खरे, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

१९८० ते १९८९ या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचे स्वरूप पहिल्या पर्वासारखेच आहे. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला आणि जनता पक्षाचे दहा सदस्य आले. पुन्हा तीच मिनिटांची चणचण. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मंत्रिपद भोगून आलेला माणूस विरोधी बाकावर बसला तरी त्याची भाषा कडवट झाली नाही आणि सैलही झाली नाही. पक्षांतरबंदीचा जो विषय १९७५ मध्ये बंगळूरच्या समितीत अर्धवट राहिला होता, तो १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने तडीस गेला, तेव्हा ते सभागृहात होते.

१९९१ मध्ये राजापूरने त्यांना पराभूत केले. १९९६ ते १९९८ ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते, आणि जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी धावली तेव्हा ते त्याच पदावर होते, लोकसभेत नव्हते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.

आता वाचायला सुरुवात कुठून करावी. लोकसभेचे चर्चाखंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध आहेत. निवडक भाषणांच्या संग्रहापासून मात्र सुरुवात करू नका. संग्रहात भाषण एकटे असते आणि त्याआधी कोण काय बोलले हे कळत नाही. १९७४ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनातील रेल्वेवरची चर्चा काढा आणि त्यातील विरोधी सदस्यांची भाषणे वाचताना मागण्यांची यादी एका कागदावर लिहून घ्या. नंतर दंडवते यांनी १९७७, १९७८ आणि १९७९ मध्ये मांडलेले रेल्वे अर्थसंकल्प आणि त्यांवरील चर्चेला त्यांनी दिलेली उत्तरे वाचा, आणि आपल्या कागदावरील मागण्यांपुढे झाली, अर्धी झाली, नाही झाली अशा खुणा करा. उत्तराची भाषणे विशेष काळजीने वाचा, कारण मांडणीचे भाषण खाते लिहून देते आणि उत्तर मंत्र्याला स्वतःला द्यावे लागते. माझ्या वर्गातील सदस्यांकडून मी हेच करवून घेतो. हा सराव नीट केला तर साधारण दोन आठवडे लागतात.